रस्त्याचा स्पर्श ओळखणारे चाक

बैलगाडी चिखलाच्या वाटेवर आली म्हणजे बैल पाऊल जपून टाकू लागतो, हे खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. जमीन घट्ट आहे की निसरडी, हे त्याला खुराखाली कळते आणि गाडीवानाने कासरा ओढण्यापूर्वीच तो आपली चाल बदलतो. मोटार आली आणि गाडी ओढणाऱ्याचे ते जाणते पाय गेले. इंजिनाला रस्ता कळत नाही, ब्रेकला तो जाणवत नाही. आणि जो रबरी टायर रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेला असतो, तो तर शंभर वर्षे मुकाच राहिला. ह्या मुक्या टायरला बोलते करण्याचा उद्योग युरोपात व जपानात गेली तीस-पस्तीस वर्षे चालला आहे. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहू. माणसांसह १२०० किलो वजनाची मोटार चार चाकांवर उभी असली म्हणजे दर चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो असतो. तेव्हा हा भार पेलण्यासाठी टायरचा अदमासे १५० चौरस सेंटिमीटर भाग चपटा होऊन रस्त्याला टेकावा लागतो. म्हणजे ही जागा मोठ्या माणसाच्या पंजाएवढी झाली. चारही चाकांची मिळून ती टंकलेखनाच्या एका कागदाहून फारशी मोठी होत नाही. गाडीला वेग देणे, वळविणे, थांबविणे, उतारावर आवरून धरणे ही सारी कामे ह्या कागदाएवढ्या जागेतून होतात. आत बसलेल्या चार-पाच जिवांचा रस्त्याशी दुसरा कोणताही संबंध नसतो. रस्त्याला टेकलेल्या ह्या भागाला आपण टायरचा ठसा म्हणू.

हा ठसा उमटतो तो टायरमध्ये हवा असते म्हणून. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव चपटी होत नाही. ती जमिनीला जेमतेम एका रेघेवर टेकते आणि म्हणूनच वाट कापीत जाते. हवेच्या टायरचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ सालीच घेतले होते, परंतु लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. मुलाला धक्के कमी बसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. टायर चपटा होतो ह्याच गोष्टीवरून पुढे कोणी रस्त्याची परीक्षा करील, हे त्याच्या स्वप्नीही आले नसावे.

ठशाची पकड किती, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. एक चाकावरचा भार आणि दुसरी रबर व रस्ता यांच्यामधील घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यावर भाराच्या सुमारे आठ-दशांश इतका जोर रबर धरून ठेवू शकते. ओल्या रस्त्यावर सुमारे पाच-दशांश, आणि बर्फावर अवघा एक-दशांश. ह्याचा अर्थ असा की, ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी ब्रेक पूर्ण लागल्यावर कोरड्या रस्त्यावर १८ मीटरांत थांबेल, ओल्या रस्त्यावर २८ मीटर जाईल आणि बर्फावर १४० मीटर गेली तरी थांबलेली नसेल. शिवाय ह्यात चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. तो एक सेकंद मानला, तर तेवढ्यात गाडी आणखी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते.

दुसरे असे की, ही पकड म्हणजे घरातली एकच थैली आहे. ब्रेकही तिच्यातूनच काढतो आणि वळणही तिच्यातूनच. ब्रेकने फार काढले तर वळणाला पुरत नाही. मग सुकाणू फिरविले तरी गाडी सरळच जाते. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना पावसाळ्यात जाणता चालक वळणाच्या अलीकडेच वेग उतरवतो आणि वळणात ब्रेकला शक्यतो पाय लावीत नाही, ह्याचे कारण हेच. हा हिशेब तो वर्षानुवर्षांच्या सवयीने करतो. यंत्राला तो आकड्यांनी करावा लागतो, आणि ठशाखाली त्या क्षणी काय चालले आहे हा नेमका आकडाच यंत्रापाशी नव्हता.

ए. बी. एस. नावाची योजना आहे ना, असे येथे कोणी म्हणेल. खरे आहे. ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी ही इलेक्ट्रॉनिक योजना बॉश आणि मर्सिडीज-बेन्झ यांनी १९७८ साली बाजारात आणली. १९९५ साली तिच्या पुढची, वळणावर गाडी आडवी होऊ लागली म्हणजे एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी योजना आली. भारतात १२५ सी. सी. हून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून ए. बी. एस. सक्तीचे झाले आहे. ह्या योजनांनी पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या मोजतात ते चाकाचे फिरणे आणि गाडीचे वळणे. चाक अपेक्षेपेक्षा मंद फिरू लागले की त्यांना घसरण सुरू झाल्याचे कळते. दावे तुटून बैल सुटल्यावर घंटा वाजावी, तसा हा प्रकार आहे. घंटा उपयोगी आहेच, पण दावे झिजले आहे हे आधी कळले असते तर अधिक बरे झाले असते.

ते आधी कळावयाचे तर कानोसा ठशापाशीच घेतला पाहिजे. म्हणून संशोधकांनी टायरच्या आतल्या अंगाला, नक्षीच्या बरोबर मागे, एक चिमुकला संवेदक चिकटविला. बाजारात ह्यालाच सेन्सर म्हणतात. त्याचे काम समजण्यासाठी शेतातील पाखरे हाकलण्याची गोफण डोळ्यांपुढे आणावी. गोफण फिरत असताना दगड बाहेर ओढ घेतो. गोफण जितकी जोरात, तितकी ओढ अधिक. टायरमधील संवेदक हा असाच गोफणीतला दगड आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला, ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकात, त्याला स्वतःच्या वजनाच्या सुमारे २६० पट ओढ बसते. पाच ग्रॅमचा तुकडा तेथे सव्वा किलोहून जड होतो!

आता गंमत अशी की, टायरचा तो भाग फिरत फिरत खाली येऊन रस्त्याला टेकला की तेवढ्यापुरता तो वाटोळा राहत नाही, सपाट होतो. सपाट वाटेवर गोफणीची ओढ नाही. म्हणून ठशात शिरताच संवेदकावरची ओढ एकदम नाहीशी होते आणि ठशातून बाहेर पडताच पुन्हा तितकीच बसते. ठशाची लांबी १२ सेंटिमीटर धरली तर ह्या वेगाला ही शांतता सेकंदाच्या चार-हजारांश भागाहून किंचित अधिक काळ टिकते, आणि चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे करीत असल्यामुळे तितक्याच वेळा ती पुन्हा पुन्हा येते. ही शांतता किती वेळ टिकली हे मोजले आणि त्याला वेगाने गुणले की ठशाची लांबी मिळते. लांबीवरून भार कळतो. वळणावर ठशाची एक कड लांबते व दुसरी आखडते. त्यावरून आडवा जोर कळतो. ब्रेक लागला की रबर मागेपुढे ताणले जाऊन शांततेच्या दोन टोकांचा आकार बदलतो. त्यावरून थांबविणारा जोर कळतो. निदान कळावा, अशी योजना आहे. तो किती खरा कळतो ह्याचा विचार पुढे करू.

हे एका दिवसात कोणाला सुचलेले नाही. जर्मनीतील डार्मश्टाट येथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक बेर्ट ब्रॉयर यांच्या हाताखालील संशोधकांनी १९९० च्या सुमारास टायरच्या नक्षीच्या एका ठोकळ्यातच लहानसे लोहचुंबक बसविले, आणि रबर रस्त्यावर ताणले जाताना ते चुंबक किती हलते हे त्याच्या खालच्या संवेदकाने मोजले. पुढे त्याच दशकात कॉन्टिनेन्टल ह्या टायर-कारखान्याने निराळा मार्ग धरला. त्यांनी टायरच्या बाजूच्या भिंतीत चुंबकीय पट्टे घातले आणि गाडीच्या सांगाड्यावर, कमीअधिक उंचीवर, दोन संवेदक बसविले. ब्रेक लागला म्हणजे टायरची भिंत पिळवटते, वरचा पट्टा व खालचा पट्टा यांच्या येण्यात थोडे अंतर पडते, आणि त्या अंतरावरून पीळ कळतो. २००२ ते २००५ ह्या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने 'अपोलो' नावाचा एक प्रकल्प फिनलंडमधील संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने चालला. टायरच्या आत त्वरण मोजणारे संवेदक बसवून पाहणे हे त्याचे मुख्य काम होते. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तर टायरच्या आतल्या अंगाला बारीक दिवा आणि चाकाच्या लोखंडी रिंगवर त्याच्याकडे पाहणारा डोळा बसविण्यात आला. दिवा जिकडे सरकेल तिकडे टायर वाकला, असा साधा न्याय. माझ्या मते ह्या सर्व युक्त्यांत ही सर्वांत देखणी. पण जो टायर रोजच्या वापरात धूळ, धक्के आणि पंक्चर सोसतो त्यात ती टिकावी कशी, हा प्रश्न उरतोच.

टिकण्याचा प्रश्न खरोखर लहान नाही. संवेदकाला वीज हवी आणि फिरत्या चाकात तार नेता येत नाही. बॅटरी घातली तर ती संपते आणि जड तुकडा टायरचा तोल बिघडवतो. म्हणून काही ठिकाणी दाबले असता वीज उत्पन्न करणारे पदार्थ वापरून पाहिले आहेत. हा गुण स्फटिकांत असल्याचे झाक व प्येर क्यूरी ह्या बंधूंनी १८८० साली दाखविले होते. चाकाच्या दर फेऱ्याला टायर दबतोच, मग त्या दबण्यातूनच संवेदकाने आपली शिदोरी मिळवावी, ही कल्पना. मोजलेली माहिती बिनतारी लहरींनी गाडीतल्या यंत्राकडे जाते. आणि इतके करून टायर झिजला की तो संवेदकासह टाकून द्यावा लागतो, किंवा संवेदक काढून नव्या टायरला लावावा लागतो.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट यंत्राची नसून अर्थाची आहे. संवेदक जोर मोजीत नाही; तो आपल्याला बसलेली ओढ आणि थरथर मोजतो. तिच्यावरून जोर किती हे अनुमानाने काढावे लागते. भार वाढला तरी ठसा लांबतो आणि हवा कमी झाली तरीही लांबतो. तेव्हा हवेचा दाब निराळा मोजल्याविना ह्या लांबीला अर्थ नाही. टायर तापला, झिजला, जुना होऊन कडक झाला, की त्याची भाषा बदलते. एका टायरसाठी बसविलेले गणित दुसऱ्या बनावटीच्या टायरला जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत टायर फिरवून, त्याच्यावर ठाऊक असलेला भार घालून, कोणत्या थरथरीला कोणता जोर हे आधी शिकवून घ्यावे लागते.

त्याच्याही पलीकडे एक गाठ आहे. समजा, टायर आज किती जोर लावीत आहे हे अगदी अचूक कळले. तेवढ्याने तो आणखी किती लावू शकेल हे कळते काय? विहिरीतून घागर ओढताना दोरावर किती भार आहे हे हाताला कळते. दोर कितपत सोसेल हे कळत नाही. ते कळावयाचे तर तुटेपर्यंत ओढले पाहिजे, आणि वाटसरूंनी भरलेल्या गाडीत तो प्रयोग करता येत नाही. ह्यावर तोड निघाली ती ठशाच्या आतच. चाक जोर लावीत असताना ठशातील सारे रबर एकाच वेळी सुटत नाही. पुढचा भाग रस्त्याला चिकटून असतो आणि मागचा काठ आधी निसटू लागतो. जोर वाढत गेला की हा निसटता भाग मागून पुढे सरकत येतो, आणि तो पुढच्या काठाला पोचला म्हणजे चाक पुरते घसरले. तेव्हा ठशाचा किती हिस्सा चिकटलेला आहे आणि किती निसटत आहे हे संवेदकाने ओळखले, तर शिल्लक किती हे दोर तुटण्याआधी सांगता येईल. ह्यातही उणीव अशी की, सरळ रस्त्यावर गाडी संथ चाललेली असताना निसटणारा भाग नावापुरताच असतो आणि त्यावरून काही ठरविणे कठीण जाते. म्हणजे चालक जेव्हा निर्धास्त असतो, नेमकी तेव्हाच टायरची साक्ष दुबळी असते.

पाण्याच्या बाबतीत मात्र टायर चांगला बोलतो. रस्त्यावर पाणी साचले असले आणि ते बाजूला सारण्यास टायरला वेळ मिळाला नाही, तर पाण्याची पाचर ठशाखाली शिरते आणि गाडी होडीसारखी पाण्यावर तरंगते. अमेरिकेतील नासा संस्थेच्या लँग्ली केंद्रातील वॉल्टर हॉर्न व त्यांचे सहकारी यांनी ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांसाठी ह्याचा अभ्यास करून १९६३ साली एक सोपा नियम मांडला. त्याप्रमाणे, टायरच्या नक्षीला निचरा होऊ न देण्याइतके पाणी असेल तर तरंगण्याचा वेग केवळ हवेच्या दाबावरून काढता येतो. पंपावर आपण 'बत्तीस हवा भरा' म्हणतो, त्या ३२ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा उतरून २५ पौंडांवर आली तर तो ८३ वर येतो. मोटारीच्या आजच्या टायरांना हा नियम थोड्या फरकाने लागू पडतो, पण त्यातला इशारा खोटा नाही. पाण्याची पाचर शिरू लागली म्हणजे ठशाच्या पुढच्या काठाला निराळीच थरथर होते आणि ठसा लांबीने आखडू लागतो. टायरमधील संवेदकाला हा फरक गाडी तरंगण्यापूर्वी ओळखता येतो.

ह्या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग पाहावयाचा तर जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर जावे लागेल. तेथे हिवाळा लांब आणि बर्फ भरपूर. रात्री डांबरावर पाण्याचा पातळ थर गोठतो तेव्हा रस्ता नुसता ओला दिसतो, पण असतो काचेसारखा. तेथील द्रुतगती मार्गांची देखभाल करणाऱ्या संस्थेने ब्रिजस्टोन ह्या टायर-कारखान्याबरोबर २०११ च्या सुमारास चाचण्या आरंभिल्या, आणि २०१५ साली ही रीत नित्याच्या कामात घेतल्याचे जाहीर झाले. देखरेखीची गाडी रस्त्यावरून जाते. तिच्या टायरमधील संवेदक ठशात शिरताना, ठशात असताना आणि बाहेर पडताना होणारी थरथर टिपतो. आणि गाडीतले यंत्र त्यावरून रस्ता सात प्रकारांपैकी कोणता हे सांगते. कोरडा, किंचित ओला, ओला, पाणी व बर्फाचा चिखल असलेला, ताज्या बर्फाचा, दबलेल्या बर्फाचा किंवा गोठलेला. मग बर्फ वितळविणारे मीठ कोठे आणि किती टाकावयाचे हे ठरते. पूर्वी हे काम अनुभवी माणसाच्या नजरेवर चाले, आणि माणूस स्वाभाविकपणेच थोडे अधिक मीठ टाकण्याच्या बाजूने असतो. पण अधिक मिठाने पुलांचे लोखंड गंजते व कडेची झाडे करपतात. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, संवेदक एका गाडीत आहे आणि लाभ मागून येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला होतो. ज्याच्या गाडीत कसलेही यंत्र नाही त्यालासुद्धा.

अशाच विचाराने इटलीतील पिरेली कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये तुरीन शहरी एक प्रयोग करून दाखविला. पुढे चाललेल्या औडी गाडीच्या टायरने रस्त्यावरचे पाणी ओळखले आणि ती सूचना बिनतारी मार्गाने मागून येणाऱ्या गाडीला मिळाली. पुढे २०२१ साली पुढे आलेल्या मॅक्लारेन आर्टुरा ह्या ब्रिटिश गाडीला असे संवेदक असलेले टायर कारखान्यातूनच बसविण्यात आले. ही गाडी श्रीमंतांच्या हौसेची आहे, आपल्या गावच्या चढणीवर ती दिसण्याचा संभव नाही. तथापि टायरच्या आतील हवेचा दाब सांगणाऱ्या साध्या संवेदकाचा इतिहास पाहिला तर असल्या वस्तू खाली उतरत येतात असे दिसते. १९८६ साली पोर्शे ९५९ ह्या अशाच महागड्या गाडीत तो प्रथम आला. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून तो सर्व नव्या मोटारींना सक्तीचा झाला. भारतात २०२० च्या नियमाने, ट्यूब नसलेले टायर, पंक्चर बुजविण्याचे साहित्य आणि हवेचा दाब सांगणारी योजना असलेल्या लहान मोटारींना जादा चाक बाळगण्यापासून सूट मिळाली.

ह्यापुढे ज्याच्या-त्याच्या टायरने टिपलेली रस्त्याची बातमी कोणाच्या मालकीची, हा तंटा उभा राहील असे वाटते. कारखानदार ती आपली मानील, गाडीचा धनी आपली म्हणेल. परंतु घाटातल्या अमुक वळणावर पाणी साचले आहे ही बातमी होक्काइडोप्रमाणे सर्वांची असावी, असे माझे मत आहे. एस. टी. ची एकच गाडी दिवसातून तोच रस्ता अनेकदा तुडवते. असे टायर प्रथम तिला लाभले तर एका महागड्या मोटारीला लाभण्यापेक्षा अधिकांचा फायदा होईल.

तोपर्यंत आपल्या घरच्या मोटारीच्या किंवा जीपच्या ठशाची स्थिती दोन गोष्टींवरून कळते. एक हवा. ती टायर थंड असताना तपासावी, कारण धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि उणीव झाकली जाते. दुसरी नक्षी. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी असू नये, असा आपल्याकडील नियम आहे. ती मोजण्यास उपकरण लागत नाही. नक्षीच्या मोठ्या खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराचे लहान आडवे उंचवटे ठेवलेले असतात आणि ते कोठे आहेत हे दाखविणारी खूण बहुधा टायरच्या कडेला असते. झिजत झिजत नक्षी ह्या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे तेवढीच १.६ मिलिमीटर उरली.